यातायात : येण्याजाण्याचे कष्ट कसे झाले



व्याख्यानाचा विषय कळवा, असे संस्थेचे पत्र आले तेव्हा मी उत्तरादाखल एकच शब्द लिहून पाठविला : यातायात. दुसर्‍या दिवशी चिटणिसांचा दूरध्वनी आला. ‘सर, शहराच्या वाहतुकीवर बोलणार आहात काय?’ असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. प्रश्न गमतीचा वाटला, तरी माझा विषय त्या प्रश्नातच आहे. इंदूरच्या कोणत्याही चौकात उभे राहिले की पांढर्‍या गणवेशातला जो शिपाई हात करतो तो यातायात पोलीस. त्या पाटीवरचा ‘यातायात’ म्हणजे रस्त्यावरील वाहनांची ये-जा. त्याच चौकातून घरी परतणारी मराठी गृहिणी दारात चपला काढता काढता म्हणते, ‘एका दाखल्यासाठी काय यातायात करावी लागली हो!’ तिच्या तोंडचा शब्द तोच, अक्षरे तीच, पण अर्थ दगदगीचा, कष्टाचा. पुण्याच्या माणसाला हे कोडे पडत नाही, कारण त्याच्या कानांवर एकच अर्थ येतो. लखनौच्या माणसालाही पडत नाही. ते पडते आपल्यासारख्या, उंबरठ्याच्या आत एक आणि बाहेर दुसरी भाषा बोलणार्‍यांना.

मी महाविद्यालयात शिकवीत असतानाची एक उत्तरपत्रिका मला आठवते. तुकोबांच्या अभंगातील ‘यातायाती’ या शब्दाचा अर्थ एका विद्यार्थ्याने ‘आना-जाना, ट्रॅफिक’ असा लिहिला होता. आधीच्या परीक्षकांनी त्यावर लाल फुली मारून समासात ‘कष्ट, त्रास’ अशी दुरुस्ती केली होती. ती उत्तरपत्रिका फेरतपासणीसाठी माझ्याकडे आली. मी फुली खोडली आणि गुण दिले. ट्रॅफिक हा शब्द तुकोबांच्या शेजारी विनोदी दिसतो खरा. परंतु ‘आना-जाना’ हे त्या मुलाने लिहिलेले उत्तर मूळ अर्थाला परीक्षकांच्या दुरुस्तीपेक्षा अधिक जवळचे होते. मग मराठी घरात कष्ट हा अर्थ आला कोठून, हा प्रश्न मात्र त्या उत्तरपत्रिकेने माझ्या मागे लावून दिला, आणि आज त्याचाच हिशेब आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम व्याकरण. संस्कृतात ‘या’ हा जाणे या अर्थाचा धातू आहे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित यात, म्हणजे गेलेले. आ उपसर्ग लागला की आयात, म्हणजे आलेले. यात आणि आयात यांचा समाहारद्वंद्व होऊन ‘यातायात’, जाणे-येणे. याच धातूची यान, प्रयाण, यात्रा ही भावंडे. परदेशातून येणार्‍या मालाला आपण आयात म्हणतो तोही यांतलाच. संस्कृतात हा समास नपुंसकलिंगी. हिंदीत नपुंसकलिंग नसल्याने तो पुल्लिंगी झाला : ‘यातायात रुक गया’. मराठीत मात्र तो स्त्रीलिंगी आहे : ‘फार यातायात पडली’. मराठीला नपुंसकलिंग उपलब्ध असताना तिने ते नाकारले आणि स्त्रीलिंग पत्करले. लिंगबदलाकडे आपण सहसा लक्ष देत नाही, पण शब्दाला कोणाची संगत लागली हे पुष्कळदा त्यावरूनच कळते. दगदग, वणवण, पायपीट, फरफट, ओढाताण, धावपळ, तगमग, कटकट, तारांबळ, परवड ही सारी मंडळी स्त्रीलिंगी. यातायात या घोळक्यात येऊन बसली आणि त्यांच्यासारखी चालू-बोलू लागली.

बंगालीतही हा शब्द रोजच्या वापरात आहे. तेथे ‘यातायात’ म्हणजे जाणे-येणे, एखाद्याकडे असलेली ये-जा. त्यात कष्टाची छटा नाही. हिंदीत नाही, नेपाळीत वाहतूक एवढाच अर्थ आहे. मला ज्या भाषा थोड्याफार वाचता येतात त्यांत मराठी सोडून कोणीही या निरुपद्रवी समासाला रडविलेले नाही.

इंग्रजी जाणणार्‍या श्रोत्यांच्या मनात येथे एक उदाहरण आले असेल. ‘ट्रॅव्हल’ म्हणजे प्रवास आणि ‘ट्रॅव्हेल’ म्हणजे कष्ट, प्रसूतिवेदना, हे दोन्ही मुळात एकच शब्द. फ्रेंच भाषेतील श्रमवाचक शब्दापासून ते आले, आणि त्या फ्रेंच शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘ट्रिपालियम’, म्हणजे तीन खुंटांचे छळयंत्र, येथे शोधतात. छळ, मग श्रम, आणि मध्ययुगातील वाटा इतक्या बिकट की श्रम याचाच अर्थ प्रवास. फ्रेंचांनी मात्र तो शब्द नुसत्या ‘काम’ या अर्थावर आणून ठेवला. पॅरिसचा कारकून रोज सकाळी छळयंत्राकडे जातो म्हणावयाचे! या उदाहरणामुळे आपल्याकडेही असेच झाले असणार, वाट बिकट म्हणून येणे-जाणे कष्टाचे, असे पटकन म्हणावेसे वाटते. परंतु दिशा उलटी आहे. तेथे कष्टाचा प्रवास झाला, येथे प्रवासाचे कष्ट झाले. शिवाय बिकट वाट हे कारण खरे मानले तर बंगाल्यांच्या वाटा काय गुळगुळीत होत्या? नद्या, दलदल, पूर यांतून जाणार्‍या त्या माणसाने आपला शब्द साधाच ठेवला. तेव्हा कारण रस्त्यात नाही. निदान एकट्या रस्त्यात नाही.

दुसरे एक मत मी अनेक विद्वान मित्रांकडून ऐकले आहे. ते म्हणतात, यात काही गूढ नाही. ‘यातना’ या शब्दाशी घोटाळा झाला, इतकेच. यातना हा शब्द निराळ्या धातूचा आहे, ‘यत्’ या धातूचा. यत् म्हणजे झटणे. यत्न, प्रयत्न, यती हे त्याचे परिवारजन. त्याच्याच प्रयोजक रूपापासून शासन करणे, छळणे या अर्थाने यातना आली, आणि पुराणांत ती मुख्यतः यमलोकीच्या दंडासाठी वापरली गेली. ‘या’ आणि ‘यत्’ यांची सोयरीक नाही. पण कानाला ‘यात’ ही दोन अक्षरे सारखीच लागतात. कानामुळे होणारे असे घोटाळे भाषेत नित्य होतात, हे मला मान्य आहे. यातनेच्या शेजारामुळे यातायातीला थोडा काळा रंग लागला असेलही. परंतु हा घोटाळाच सर्व काही असता, तर दोन्ही शब्द मराठीत एकाच जागी वापरता आले असते. ते येत नाहीत.

आपणच पाहा. हाड मोडले, ठणका लागला, रात्रभर झोप नाही, ही यातना. याला कोणी यातायात म्हणणार नाही. त्याच हाडासाठी इस्पितळाच्या फेर्‍या, आज डॉक्टर नाहीत, उद्या क्ष-किरणाचे यंत्र बंद, परवा कागद राहिला, ही यातायात. घरात मृत्यू झाला तर ते दुःख. त्याला यातायात म्हणणे अडाणीपणाचे होईल. परंतु त्यानंतर वारसाच्या नोंदीसाठी कचेरीत जे घालावे लागते ते खेटे, आणि त्या खेट्यांची बेरीज यातायात. एका फटक्यात येणार्‍या संकटाला हा शब्द चालत नाही. पुन्हापुन्हा जावे लागले पाहिजे, परत यावे लागले पाहिजे, आणि काम तर तेथेच असले पाहिजे. म्हणजे अर्थ कष्टाचा झाला तरी ‘जाणे-येणे’ त्याच्या पोटात शाबूत आहे. आपली आजी व्याकरण शिकली नव्हती. पण शब्द कोठे लागतो आणि कोठे लागत नाही याबाबत ती पाणिनीइतकी काटेकोर होती.

याउलट ‘हाल’ पाहा. अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती. हिंदी शेजारी विचारतो, ‘क्या हाल है?’ आणि आमच्या एका मावशी पुटपुटत, ‘हाल कुत्रा खाईना!’ स्थिती म्हणजे वाईट स्थितीच, अशी मराठीची समजूत दिसते. दशा आणि अवस्था या संस्कृत शब्दांचीही तिने तीच गत केली, आणि ‘गत’ हा शब्दही त्यांतून सुटला नाही. हलाखी मात्र मुळातूनच भयंकर, कारण अरबी हलाक म्हणजे नाश. हे शब्द माणूस कोणत्या अवस्थेत सापडला ते सांगतात. पायपीट, वणवण, हेलपाटे, खेटे, येरझारा हे माणूस पायांनी काय करतो ते सांगतात. मराठीच्या कष्टाच्या शब्दांचे मोजमाप केले तर पायांचे पारडे बरेच जड भरेल असे मला वाटते. ‘संक्रांत’ हाही चालण्याचाच शब्द, सूर्याने एका राशीतून दुसरीत जाणे. तो मात्र निराळ्या वाटेने संकटाकडे गेला. पंचांगातील संक्रांत देवी वाहनावर बसून येते आणि जिकडे पाहते तिकडे अनिष्ट, या लोकसमजुतीतून ‘संक्रांत कोसळली’ हा प्रयोग झाला. तेव्हा चालण्याचा शब्द दिसला की एकच किल्ली लावू नये.

आता मूळ प्रश्न. जाणे-येणे हे कष्ट ठरले कोठे? माझे उत्तर असे की, ते कीर्तनात ठरले.

गीतेच्या नवव्या अध्यायातील एकविसाव्या श्लोकात ‘गतागत’ असा शब्द आहे. यज्ञ करून स्वर्ग मिळविणारे लोक तेथील भोग भोगतात, पुण्य सरले की मर्त्यलोकी परततात, आणि असे त्यांचे गतागत चालूच राहते, असा संदर्भ. गत आणि आगत, यात आणि आयात, घडण एकच. संस्कृतात आधी जाणे आहे आणि मग येणे, कारण तेथे स्वर्गात जाऊन परत येण्याची गोष्ट आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, ज्ञानदेवांनी या श्लोकावर जे भाष्य केले त्यातील दृष्टांत ऐकून आजही दचकावयास होते. गाठीची कवडी खर्चून गेली की वेश्येच्या दाराला हातही लावता येत नाही. यज्ञाची दीक्षा घेऊन स्वर्ग गाठणार्‍यांची पुण्य संपल्यावर तीच लाजिरवाणी स्थिती होते. जाणे-येणे येथे प्रथमच अपमानाचे झाले. मोठमोठे यज्ञ करणार्‍यांना हे ऐकविणे सोपे नव्हते. आणि ज्या श्रोत्यांना यज्ञाचा अधिकारच नव्हता, त्यांना ते किती गोड लागले असेल याचीही कल्पना करावी.

पुढे सतराव्या शतकापर्यंत येता येता संतवाङ्मयात ‘यातायाती’ हे रूप जन्ममरणाच्या फेर्‍यांसाठी रुळलेले दिसते. तुकोबांत आहे, समर्थांत आहे. शेवटची ई पद्याला सोयीची. भक्ती, मुक्ती, प्रीती यांच्याशी यमक जुळते. (विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरी : तुकोबांचा नुसता ‘याती’ हा शब्द निराळा. तो ‘जाति’चा मराठी अवतार. दोन्ही एकत्र केल्यास अभंगाचा विचका होतो.) या शब्दाचा देशी भाऊबंद म्हणजे ‘येरझार’. तोही एकीकडे चौर्‍यांशी लक्ष योनींच्या फेर्‍यासाठी आणि दुसरीकडे अंगणातल्या येण्याजाण्यासाठी वापरला जातो. मराठीने मात्र क्रम बदलला : येणे आधी, जाणे मागून. जन्म आधी आणि मृत्यू मागून, हे माणसाच्या बाजूने पाहिले तर तेच स्वाभाविक.

आता कीर्तनाचे दृश्य डोळ्यांपुढे आणा. रात्रीची वेळ, देवळाचा सभामंडप, उभा राहिलेला हरिदास. तो सांगतो आहे की, हा जीव येतो, जातो, पुन्हा येतो. ही यातायाती चुकवावयास हवी. समोर बसलेली बाई दिवसभर काय करून आली आहे? विहिरीवर गेली, घागर घेऊन आली, पुन्हा गेली. रानात गेली, सरपण घेऊन आली. शेजारी बसलेला माणूस पाटलाच्या वाड्यावर सार्‍याच्या सवलतीसाठी चार वेळा जाऊन आला आहे. हरिदासाने वापरलेला शब्द वेदान्ताचा होता. तो ज्यांच्या कानांवर पडला त्यांना त्याचा अर्थ अंगानेच ठाऊक होता. त्यांनी तो उचलून घरी नेला. चौर्‍यांशी लक्ष योनी बाजूला राहिल्या आणि विहिरीच्या खेपा त्यात भरल्या गेल्या. तत्त्वज्ञानाने शब्दाला खिन्नता दिली, पण त्यात रोजचा घाम ओतला तो या माणसांनी. बंगालीत आणि हिंदीत हा शब्द पंडितांच्या आणि कचेरीच्या हाती राहिला. मराठीत तो अभंग-कीर्तनाच्या वाटेने स्वयंपाकघरापर्यंत पोचला, हाच काय तो फरक.

असे घरात उतरणे मराठीत एकाच शब्दाचे झालेले नाही. ‘संसार’ हा शब्द घ्या. सम् आणि सृ, म्हणजे सरणे, सरत राहणे. मूळ अर्थ जन्मजन्मांतरीचे भ्रमण. हिंदीत त्याचा अर्थ जग. मराठीत? चूल, भांडी, मुलेबाळे आणि महिन्याचा किराणा. ‘त्यांनी नव्याने संसार मांडला’ या वाक्याचे अक्षरशः हिंदी करू गेले तर विश्वामित्राची प्रतिसृष्टी उभी राहील. ज्या मार्गाने संसार जन्ममरणाच्या चक्रातून निघून माजघरात आला, त्याच मार्गाने यातायात आली. एक दुसरीवाचून नांदत नाही, हे येथे बसलेल्या वडीलधार्‍यांना सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकातील कोशकारांपर्यंत हे स्थित्यंतर पुरे झाले होते. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. त्याने हा शब्द स्त्रीलिंगी नोंदवून, संस्कृतात जाणे-येणे असे सांगून, मराठीत श्रम आणि त्रास हा अर्थ दिला आहे. तो गोरा साहेब पंडितांच्या मदतीने काम करीत होता. पण घरातला अर्थ त्याने टिपला, याबद्दल त्याला श्रेय दिलेच पाहिजे. आपल्यातील काही व्युत्पत्तिकारांना शब्द संस्कृतात नेऊन पोचविला की कर्तव्य संपले असे वाटते. राजवाड्यांसारख्या प्रतिभावंतालाही हा मोह पुष्कळदा आवरला नाही. शब्द कोठून निघाला हे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोणाच्या घरी मुक्कामाला राहिला हेही असते.

येथे एक शंका घेतली जाईल. पुन्हापुन्हा जाणे-येणे जर कष्टच, तर मग वारीचे काय? वारी ही तर व्याख्येनेच येरझार. एकदा पंढरपूरला जाऊन येणारा यात्रेकरू. वारकरी तो, जो आषाढीला जातो, परततो आणि पुन्हा जातो. शंका रास्त आहे. यात्रा आणि यातायात एकाच धातूच्या लेकी. यात्रेला पोचण्याचे ठिकाण असते, म्हणून तिच्या पायपिटीचे पुण्य होते. यातायात कोठेच पोचत नाही. वारीने मात्र चमत्कार केला आहे : रूप यातायातीचे, फळ यात्रेचे. जन्ममरणाच्या फेर्‍या चुकाव्यात म्हणून माणसाने आयुष्यभर पंढरीच्या फेर्‍या घालाव्या, असा हा उपाय आहे. काट्याने काटा काढण्याची ही युक्ती ज्या समाजाला सुचली, त्याला ‘यातायाती’ या शब्दाचा अर्थ पाठ्यपुस्तकातून शिकवावा लागला नसणार.

आणि या वारीच्या इतिहासात आपल्या प्रदेशाचाही एक धागा आहे. ज्ञानदेवांच्या पालखीला आज आपण पाहतो ती शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. हे गृहस्थ सातारा भागातील आरफळचे, पण चाकरी ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी. चाकरी आटोपून गावी परतत असता वाटेत भिल्लांनी त्यांना पकडून गुहेत कोंडले, तेथे त्यांनी हरिपाठ म्हणत दिवस काढले, आणि सुटका होताच घराऐवजी आळंदीची वाट धरली, अशी कथा वारकरी मंडळी सांगतात. कथेतला अंश किती आणि इतिहास किती, हा वाद बाजूला ठेवू. ग्वाल्हेर ते सातारा या वाटेवरची चाकरमान्यांची यातायात आणि आळंदी ते पंढरपूर ही वारी, या दोन्ही एका माणसाच्या पायांनी जोडल्या गेल्या, हे मला लक्षणीय वाटते.

या उत्तरेच्या वाटेबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आपण सारे त्याच वाटेने येथे आलो. पेशवाईच्या आरंभी मराठी फौजा दसर्‍याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यापूर्वी नर्मदा ओलांडून परत जात. शब्दशः यातायात. 1730 नंतरच्या काही वर्षांत होळकर, शिंदे, पवार यांनी माळव्यात ठाणी केली आणि फौजांचे हे दरसालचे परतणे हळूहळू थांबले. छावणी हा शब्द पावसाळ्यातील मुक्कामाचा. इंदुरात आज ‘छावनी’ ही भरवस्ती आहे. जे परत जावयाचे ते राहिले. परंतु मागे घर, देवक, भाऊबंदकी आणि वतनाचा वाटा दक्षिणेतच असल्याने कुटुंबांची यातायात चालूच राहिली. लग्नाला जावयाचे, श्राद्धाला जावयाचे, कुलदेवतेला जावयाचे. माझ्या लहानपणी आमच्या घरी कोकणात जाणे म्हणजे महिनाभर आधीपासून चर्चा असे, आणि परतल्यावर आजी पाय चेपून घेत म्हणे, ‘पुरे आता ही यातायात’. त्या वाक्यात प्रवासाचा शीण होता की जन्माचा, हे मला तेव्हा कळत नव्हते. आताही नक्की सांगता येत नाही.

ज्या विद्यार्थ्याला या शब्दाचा अर्थ उदाहरणासह हवा असेल त्याने वरसईच्या विष्णुभट गोडशांचे ‘माझा प्रवास’ वाचावे. कोकणातला हा गरीब भिक्षुक घरचे कर्ज फेडावे म्हणून 1857 मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, कारण बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार अशी वार्ता होती. वाटेत महूजवळ येतो तो बंडाची बातमी. पुढे ग्वाल्हेर, झाशी. 1858 च्या वेढ्यात तो झाशीत अडकला, लुटीत मिळविलेले गमावले, कसाबसा जीव वाचविला. घरी परतला तो आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. द्रव्यासाठी गेलेला माणूस पाणी घेऊन आला. यात्रा आणि यातायात यांचे इतके बेमालूम मिश्रण मराठी गद्यात मला दुसरे आढळलेले नाही. हे पुस्तक 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी प्रथम छापले, तेही संस्कार करून. गोडशांची मूळ भाषा वाचकांपुढे येण्यास 1966 पर्यंत, दत्तो वामन पोतदारांच्या आवृत्तीपर्यंत, थांबावे लागले.

उरला चौकातला शब्द. राज्यघटनेच्या 351 व्या अनुच्छेदाने हिंदीच्या वाढीसाठी मुख्यतः संस्कृताकडून शब्द घ्यावेत असे सुचविले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी हिंदीत यातायात हा ट्रॅफिकचा अधिकृत पर्याय म्हणून रूढ झाला. संस्कृतच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. मराठीलाही हीच सोय होती, पण तिला ती घेता आली नाही. शब्द आधीच गुंतला होता. मग मराठीने वाहणे या क्रियापदावरून वाहतूक घेतली आणि फारसीतून आलेली रहदारी कायम ठेवली. राहदारी म्हणजे मुळात वाटेवरची जकात, पुढे ती भरल्याचा परवाना, आणि मग नुसती वर्दळ. जकातीची वर्दळ झाली हेही कमी आश्चर्याचे नाही. पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

शिक्षकांना मला एक विनंती करावयाची आहे. गेल्या चाळीस वर्षांत या शहरातील मराठी मुलांच्या तोंडून कष्टवाचक यातायात जवळजवळ नाहीशी झालेली मी पाहिली. ती मुले ‘परेशानी’ म्हणतात आणि यातायात पोलिसासाठी राखून ठेवतात. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आपण येथे उत्सव केला, पेढेही वाटले. त्या दर्जाने हा शब्द घरात परत येणार नाही. मुलाने वहीत यातायात म्हणजे आना-जाना असे लिहिले तर फुली मारू नका. त्याला विचारा, कोणाचे आना-जाना? विहिरीवरून येणार्‍या बाईचे, छावणीतून परतणार्‍या शिपायाचे, की योनीमागून योनी हिंडणार्‍या जीवाचे? पाच मिनिटे लागतील. परीक्षेत विचारला जाणार नाही म्हणून हा भाग गाळू नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी मोडी किंवा बाळबोध लिपीतील जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, प्रवासाच्या नोंदी असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयात एकदा दाखवाव्या. कष्टाचे, थकव्याचे, वाटेचे जे शब्द त्यांत असतील ते तारखेसह उतरवून घेण्याचे काम दोन शिक्षकांनी अंगावर घेतले आहे आणि मोडी वाचावयास मीही येऊन बसेन. ‘यातायाती’ची ई जाऊन ‘यातायात’ केव्हा झाली, गद्यात ती पहिल्यापासूनच नव्हती की काय, हे अशा पत्रांवरूनच ठरेल. अभंगांवरून नाही, कारण तेथे यमकाचा दाब असतो.